थर्माकोलचा काळा कडा

डोंगर दारातून बाहेर निघेना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण या भानगडीत पडायलाच नको होतं.

दार नव्वद सेंटीमीटर. डोंगर एक मीटर चाळीस. चाळीस वर्षं मी या खोऱ्यात बस चालवली. वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला तरी मधे किती बोटं जागा उरली ते आरशात न बघता सांगायचो. आणि स्वतःच्या गोठ्यात बसून तीन महिने डोंगर बांधला, पण दाराकडे एकदा मान वर करून बघितलं नाही. रीना, म्हणजे माझी बायको, उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आता गोठा पाड," ती म्हणाली.

"तू गप."

"नाही, खरंच सांगते, आल्चिदे. नाहीतर लढाई इथंच करा. गावाला एकेक करून आत सोड."

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. डोंगराचा तर काही दोष नव्हता.

मुळात सुरुवात दगडापासून. आमच्या वाल्दायात चर्चसमोर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगड होता. एक्केचाळीस नावं. त्या हिवाळ्यात फटीत पाणी गोठलं आणि दगड उभा चिरला, तोही नेमका तिघा भावांच्या नावांमधून. पालिकेनं ठरवलं, चार नोव्हेंबरला, म्हणजे लढाई संपली त्या तारखेला, नवा दगड बसवायचा, नावं सगळी नव्यानं कोरायची. हे कळल्यावर नोएमी आत्या काठी टेकत टेकत पालिकेत गेली आणि म्हणाली, "कोरताच आहात, तर बेचाळीस कोरा."

बेचाळिसावा तिचा बाप. ओस्वाल्दो देरेआनी, माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आत्यानं त्याला बघितलेलं नाही, तो गेला तेव्हा ती पोटात होती. आणि त्याला ऑस्ट्रियावाल्यांनी मारलं नाही. आपल्याच पलटणीनं मारलं, सोळा सालच्या जूनमध्ये, स्मशानाच्या भिंतीपाशी खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या.

गावासमोर क्रेता नेरा आहे ना, काळा कडा, त्याच्या माथ्यावर ऑस्ट्रियावाले बसलेले. मैदानी मुलखातून आलेल्या कप्तानानं हुकूम दिला, भर दिवसा घळीतून चढा आणि कडा घ्या. ओस्वाल्दो त्या घळीत लहानपणापासून बकऱ्या न्यायचा. तो म्हणाला, साहेब, दिवसा नको, दुपारनंतर धुकं उतरतं, तेवढं उतरू दे. एवढंच म्हणाला. बाकी तुकडी मान हलवत त्याच्या मागे उभी राहिली. त्याच रात्री कोर्ट बसलं, सकाळी निकाल. दुपारी धुकं उतरलं, तेव्हा तो जमिनीखाली होता. आणि चढाई? ती झालीच नाही. पलटण दुसरीकडे हलवली. म्हणजे कडा दिवसा घेता आला असता की नसता, हे ऐंशी वर्षं तसंच लोंबकळत राहिलं.

"वर चढले ते चढले," बेर्तो दारूच्या दुकानात म्हणाला. "न चढलेला त्यांच्या शेजारी कसा कोरायचा?"

बेर्तो प्लोझनेर आमच्या गावच्या जुन्या आल्पिनींचा मुख्य. डोंगरी पलटणीत एकदा नोकरी केली की माणूस मरेपर्यंत आल्पिनी, सरकारी कागदावर आल्पिनो, टोपी घरच्या भिंतीवर, टोपीला काळं पीस. मीही केली, सगळ्या गावानं केली. बेर्तोनं अठरा महिने पलटणीचे बटाटे सोलले, पण बोलायला लागला की वाटतं, सगळी सरहद्द एकट्यानं धरली होती.

"दिवसा तो कडा कोणाच्या बापाला घेता आला नसता," मी म्हणालो.

"तुला काय माहीत? तू बस चालवायचास."

"आणि तू सालं काढायचास!"

तिथं दातांचे डॉक्टर इव्हानो बसले होते. दर गुरुवारी खालच्या शहरातून येतात, सकाळी दात काढतात, दुपारी सगळ्यांना त्याच पैशांची दारू पाजतात. त्यांच्या तळघरात चार हजार शिशाचे सैनिक आहेत. बायको सोडून गेली, सैनिक राहिले. 'जराही दुखणार नाही' म्हणतात ना, त्याच आवाजात ते म्हणाले, "खेळून बघता येईल. टेबलावर डोंगर करायचा, सैनिक मांडायचे, फासे टाकायचे. नियमांचं पुस्तक आहे माझ्याकडे."

महापौर तिथंच होता. म्हणाला, "दिवसा कडा घेता येत नाही असं दिसलं, तर मी स्वतः नाव सभेपुढे ठेवतो." हे तो तिसऱ्या पेल्यावर बोलला, पण सात जणांसमोर बोलला.

मी आत्याला जाऊन सांगितलं. तिच्या छातीत तेव्हा पाणी व्हायला लागलं होतं, जिना चढली की ओठ निळे पडायचे. ती म्हणाली, "म्हणजे पोरांच्या खेळावर माझा बाप ठरणार."

"दुसरं काही नाही आत्या आपल्या हातात."

"मग नीट खेळ," ती म्हणाली. "दगड बसेपर्यंत मी आहे. पुढचं मला सांगता येत नाही."

तर असा तो डोंगर. आता, आमच्या गावात एकशे नव्वद माणसं आणि तेवढेच डोंगराचे जाणकार. थर्माकोल फ्रिजच्या खोक्यांतून जमवला, त्यावर प्लास्टर. घळ कापली तर एक जण म्हणाला, घळ एवढी रुंद नाही. अरुंद केली तर दुसरा म्हणाला, याच्यातून बकरीसुद्धा जाणार नाही. शेजारच्यानं सल्ला दिला, खरे दगड लाव. लावले, तर टेबलाचा पाय मोडला. त्यानंच मग विचारलं, "एवढं वजन कशाला केलंस?" पाद्रीबुवा आले, त्यांना शिखरावर क्रूस हवा होता. मी म्हणालो, बुवा, तिथं मशीनगन आहे. ते म्हणाले, मग थोडा डावीकडे.

सैनिक डॉक्टरांनी दिले. एकशे वीस आल्पिनी, दहा-दहाच्या बारा तुकड्या, पायाखाली तुकडीचा नंबर. तीन सेंटीमीटरचा माणूस रंगवायचा म्हणजे काय ते मला विचारा. माझे हात म्हणजे स्टिअरिंग धरायचे हात. भिंग लावून डोळे काढायचे, एक डोळा नीट झाला की दुसरा गालावर जायचा. पहिली तुकडी सगळी तिरळी झाली. ती मी मागच्या रांगेत लावली. पण हळूहळू जमायला लागलं. मिशा काढल्या, गालांवर थोडा लाल रंग. टोप्यांना पीस नव्हतं, म्हणून रीनाच्या झाडूचे केस कापून एकेक चिकटवलं. एकशे वीस पिसं. मला वाटायला लागलं होतं की आपण अगदीच टाकाऊ माणूस नाही.

मग बेर्तो बघायला आला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मला वाटलं भारावला.

"आल्चिदे," तो म्हणाला, "ही कुठली पलटण?"

"कुठली म्हणजे? आपली."

"आपल्या पलटणीत पीस कोणत्या बाजूला असतं?"

तेव्हा मी एक सैनिक उचलून भिंगाखाली धरला. पीस असतं डावीकडे. माझी स्वतःची टोपी पस्तीस वर्षं जेवणाच्या टेबलासमोर टांगलेली आहे, डावीकडे पीस. पण सैनिकाचं तोंड माझ्याकडे करून मी चिकटवत होतो. माझी डावी ती त्याची उजवी. एकशे वीस आल्पिनी, सगळे उलटे.

बेर्तोनं गावात सांगितलं नाही असं तो म्हणतो. संध्याकाळपर्यंत मला भाकरीच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर आणि वरच्या पाड्यावरच्या एका बहिऱ्या म्हातारीनं विचारलं, पीस कोणत्या बाजूला असतं. मी सगळी पिसं उपटली आणि परत लावली. या वेळी प्रत्येक सैनिकाची पाठ माझ्याकडे. रीनाला नवा झाडू आणावा लागला. ते ती अजून काढते.

पालिकेचं वेगळंच. खेळ जुन्या दूधसंघाच्या हॉलमध्ये करायचा होता, त्याची परवानगी कांदोनीकडे. कांदोनी माझा शाळेतला बाकावरचा सोबती. रस्त्यात भेटला की अरे-तुरे. पण खिडकीच्या पलीकडे बसला की त्याचं तोंडच बदलतं.

"कार्यक्रमाचा प्रकार सांगा," तो म्हणाला. "धार्मिक, क्रीडा की सांस्कृतिक?"

"लढाई."

"लढाई यादीत नाही."

"मग खेळ लिही. फाशांचा खेळ."

"फासे म्हणजे जुगार. त्याला पोलिसांचा कागद लागेल. तुम्ही आणलाय?"

"अरे लुइजी, मी आहे, आल्चिदे!"

"ते दिसतंय मला. ओळखपत्र आणलंय?"

शेवटी 'हस्तकलेचं प्रदर्शन' असं लिहिलं. मग त्यानं विचारलं डोंगर कशाचा. मी खरं बोललो, हीच चूक. थर्माकोल पेट घेतो, म्हणून आग विझवायचे दोन लाल नळे लागतील. मुद्रांक लागेल. मुद्रांक चिकटवायची चौकट ठरलेली, तिच्या बाहेर गेला की अर्ज बाद. माझा एकदा गेला.

जाता जाता मी त्याला विचारलं, ओस्वाल्दोचा काही कागद आहे का तुमच्याकडे. तो आत गेला, जुनं रजिस्टर घेऊन आला, बोट फिरवत राहिला.

"जन्म आहे," तो म्हणाला. "अठराशे एक्याण्णव. मृत्यू नाही. सैन्यानं कळवलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या कार्यालयाच्या मते ते एकशे सहा वर्षांचे आहेत आणि वाल्दायात राहतात." त्यानं रजिस्टर मिटलं. "मी काय करणार? कागदावर आहे ते मला दिसतं. नाही ते नाही दिसत. मी या खिडकीत बसल्यापासून एकतीस वर्षं तसंच चाललंय."

मी त्याला शिवी दिली. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, शिवीला फॉर्म नव्हता म्हणून असेल.

खेळाच्या आधीच्या आठवड्यात नोएमी आत्या गोठ्यात आली. खुर्चीवर बसली, श्वास खाली बसू दिला. मग डोंगर बघितला, रांगा बघितल्या.

"माझी आई कुठंय?"

डॉक्टर इव्हानो नियमांचं पुस्तक घेऊन तिथंच होते. "कोण आई, आत्या?"

"तोफांचे गोळे कोणी पोचवले वर, आपल्या खंदकांत? भाकरी कोणी पोचवली? तुम्हाला वाटतं खेचरांनी? आमच्या बायकांनी. पाठीवर टोपली, टोपलीत चाळीस किलो, गावातून चार तासांचा चढ. माझी आई जायची, मी पोटात असताना. त्याला खुर्चीवर बसवलं त्या दिवशीही ती वरच होती, त्याच्याच पलटणीचे गोळे घेऊन. खाली आली तेव्हा पुरून झालं होतं."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "नियमांत बायका नाहीत, आत्या."

"मग नियम अर्धेच आहेत," रीना म्हणाली. आणि त्या दिवशी तिनं बुचं आणि तारा घेऊन आठ बायका केल्या. पाठीवर काड्यांच्या टोपल्या. एकीचं पोट तिनं मेणानं थोडं पुढं काढलं. मला सांगितलं नाही, मी बघितलं.

मग ते दार. करवतीनं डोंगर उभा कापला. चिरला तो बरोबर घळीतून, म्हणजे जिथून चढाई व्हायची तिथूनच. दोन तुकडे गवताच्या गाडीवरून दूधसंघात नेले, जोडले, तर मधे चार बोटं फट. प्लास्टर संपलेलं. रीना घरून कढईभर पोलेंटा घेऊन आली, मक्याच्या पिठाची ती आमची रोजची लापशी. गार झाली की वीट होते. तिनं ती फटीत थापली, वर राख फासली. सकाळी उंदरांनी ऑस्ट्रियाचा अर्धा खंदक खाल्ला होता. खंदकातही पोलेंटा होती, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिसा संपली आणि सगळा गाव हॉलमध्ये. दोन लाल नळे दोन बाजूंना, मधे डोंगर. पुढच्या रांगेत शाल पांघरून नोएमी आत्या. आल्पिनींचा कप्तान बेर्तो, टोपी घालून. आणि ऑस्ट्रियावाला कोण? एकही माणूस तयार होईना. शेवटी मला व्हावं लागलं.

मला ते तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. ओस्वाल्दोला निर्दोष ठरवायचा तर मला आल्पिनी मारायला लागणार. तीन महिने भिंग लावून ज्यांचे डोळे काढले, त्यांना. नीट मारायला लागणार, कुचराई न करता.

पहिल्या पाळीत माझ्या मशीनगनला चांगले फासे पडले. डॉक्टर मोजून म्हणाले, "सतरा." मी सतरा सैनिक घळीत आडवे केले. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं थोडं तरी हसतील. दुसऱ्या पाळीत चोवीस. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं बोट दाखवलं, "हा आमच्या जाकोमो आजोबांसारखा दिसतो बघा, मिशा तशाच." झालं. त्यानंतर मी ज्याला आडवा करीन तो कोणाचा तरी निघायला लागला. हा मात्तिया, शेत विकून गेला तो. हा धाकटा, ज्याचं पत्र तो मेल्यावर आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हळू ठेव की रे." मी हळू ठेवायला लागलो.

तिसऱ्या पाळीत पाच नंबरची तुकडी अडली. प्रत्येक तुकडीसाठी हिंमतीचा फासा टाकायचा असतो, बेर्तोला एक पडला. डॉक्टरांनी पुस्तक बघितलं आणि ती दहा माणसं काठीनं मागे सरकवली, पार पायथ्याशी, रीनाच्या बायकांजवळ. पाळी संपली, बेर्तोनं परत फासा टाकला, चार पडले. तुकडी पुन्हा निघाली, सगळ्यांच्या मागून.

तोपर्यंत घळ भरली होती. पोलेंटाला भेगा पडल्या होत्या, त्या भेगांत माणसं अडकून पडली होती. मला वाटलं, संपलं, जिंकलो. आत्याकडे बघायची हिंमत झाली. आणि पाचव्या पाळीत माझे दोन्ही फासे एक-एक पडले.

"मशीनगन अडकली," डॉक्टर म्हणाले.

"अडकली म्हणजे?"

"एक पाळी चालणार नाही."

चाळीस वर्षं माझी गाडी एकदा बंद पडली नाही. मी फाशांकडे बघत राहिलो. बेर्तोला सहा पडले, मग पुन्हा सहा. सहाव्या पाळीत मशीनगन सुटली, तिनं आणखी सात घेतले, पण तीन आल्पिनी वर पोचले होते. ऑस्ट्रियाच्या उंदीर-खाल्ल्या खंदकात तीन माणसं उभी.

"घेतला!" बेर्तो ओरडला, मूठ वर करून. मग त्यानं खाली घळीत बघितलं. मूठ तशीच राहिली थोडा वेळ, काय करावं ते न कळल्यासारखी. मग त्यानं ती खिशात घातली.

महापौर उठला. "नियमानं घेतला," तो म्हणाला. "दिवसा घेतला. मी काय करू? सगळ्यांनी बघितलं."

एकशे सतरा आडवे, तीन उभे, आणि मी हरलेला. ज्याला वाचवायचं त्यालाच पुन्हा एकदा भिंतीपाशी नेऊन बसवलं, तेही झाडूचे केस लावून, मुद्रांक भरून, सगळ्या गावासमोर. मग आत्या बोलली, डॉक्टरांशी.

"ती जी माणसं अडली होती मधे. त्यांचं काय केलंत?"

"कोणती? पाच नंबर? काही नाही आत्या. मागे आणली. एक पाळी बसवली."

"मग?"

"मग परत गेली."

"भिंतीपाशी नेली नाहीत?"

डॉक्टरांनी पुस्तकाची पानं चाळली. खरंच चाळली, जणू असेल कुठेतरी. "नाही," ते म्हणाले. "तसा नियम नाही."

"हे पुस्तक कोणी लिहिलं?"

"एका इंग्रजानं. म्हातारा शाळामास्तर होता."

"शहाणा दिसतो," आत्या म्हणाली. "आमच्याकडे जनरल होते."

बेर्तो शिखरापाशी वाकला आणि त्यानं वरचे तिघे एकेक करून उचलले, पायाखाली बघितलं. तिघांच्याही खाली पाच. त्यानं तिसऱ्याचा पाय दोनदा बघितला. मग टोपी काढली आणि ते तिघे परत जसे होते तसे उभे केले.

सभेत मग सगळ्यांचे हात वर झाले, महापौराचा पण. पण आल्पिनीचं नाव कोरायचं तर शिक्षा रद्द झाल्याचा कागद हवा, तो राजधानीतून. अर्ज गेला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. ते कांदोनीनं मला खिडकीतून वाचून दाखवलं. शिक्षेचा फेरविचार हवा असल्यास ज्याला शिक्षा झाली त्या व्यक्तीनं स्वतः, स्वतःच्या सहीनं अर्ज करावा.

कांदोनीनं चष्मा काढला. "माझ्या रजिस्टरप्रमाणे ते करू शकतात," तो म्हणाला. "पण सही कुठून आणू?"

या वेळी मी त्याला शिवी दिली नाही.

चार नोव्हेंबरला दगड बसला. एक्केचाळीस नावं, सोनेरी. बँड वाजला, पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, नोएमी आत्या खुर्चीवर बसून सगळी नावं ओठांतल्या ओठांत वाचत होती. शेवटच्या नावापाशी ती थांबली आणि खाली बघायला लागली, अजून एक ओळ असेल तर म्हणून. नव्हती. मी तिला घरी पोचवून परत आलो तर चौकात बेर्तो एकटाच उभा. त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालात सैनिक. पाच नंबर. वर पोचलेल्या तिघांतला एक.

"फरशी चिकटवायचा गोंद आहे तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

भर दुपारी, बारा वाजताच्या उन्हात, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तो दगडाच्या पायथ्याशी चिकटवला. मी पीस तपासलं. डावीकडे.

चौथ्या दिवशी घरी नोटीस. पालिकेची, माझ्या नावावर. मी पाकीट बघूनच भडकलो, रीनाला म्हणालो, आता कांदोनीचा गळा धरतो. ती म्हणाली, आधी वाच. मी वाचली. मग कोट घातला आणि आत्याकडे गेलो. ती तेव्हा पलंगावरच असायची, पाठीमागे तीन उशा.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. "विषय, सार्वजनिक स्मारकावर विनापरवाना वस्तू. पाहणीत असे आढळून आले की, स्मारकाच्या पायथ्याशी शिशाची एक आकृती, उंची तीन सेंटीमीटर, टोपीवरील पीस डाव्या बाजूस, चिकटवण्यात आलेली आहे. सदर आकृती ही आल्पिनो ओस्वाल्दो देरेआनी, जन्म अठराशे एक्याण्णव, राहणार वाल्दाया, यांची असल्याची या कार्यालयाची खात्री झाली आहे. सदर आल्पिनो यांना स्मारकावर ठेवण्याच्या परवानगीसाठी आपण मुद्रांकासह अर्ज करावा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत सदर आल्पिनो यांस कोणीही जागेवरून हलवू नये."

खिडकीतून कडा दिसतो, आत्या तिकडे बघत होती. धुकं उतरायला लागलं होतं.

"आल्पिनो लिहिलंय?"

"तीनदा. वर 'सदर' पण लिहिलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं.

"शिक्का आहे?"

"आहे."

"गोल?"

"गोल. निळा."

तिनं हात पुढं केला, मी कागद तिच्या हातात दिला. तिनं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि घडी करून उशीखाली ठेवला. नाताळाच्या आधी ती गेली. कागद तिच्याबरोबर पेटीत दिला.

अर्ज मी केला. नंतर महिन्याभरानं खिडकीशी जाऊन विचारलं, निकाल कधी. कांदोनीनं फाईल काढली, माझ्यासमोर उघडली, बोट ठेवलं.

"मुद्रांक चौकटीबाहेर गेलाय तुमचा," तो म्हणाला.

"मग बाद?"

"बाद नाही. तपासावा लागेल." त्यानं फाईल मिटली, दोरी बांधली आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली. "मी निवृत्त होईपर्यंत तरी होत नाही. आणि पुढच्याला मी सांगून ठेवीन."